वाट पाहणाऱ्यांच्या गावी

२००८ सालच्या सुरुवातीला अ‍ॅस्ट्रेयस नावाच्या ब्रिटिश विमान कंपनीच्या एका बोइंग ७५७ विमानाची अंतर्गत रचना बदलण्यात आली. मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सामानाची जागा केली आणि पुढे साठ-सत्तर माणसं बसतील एवढीच आसनं ठेवली. विमानाच्या अंगावर एका हेवी मेटल बँडचं नाव आणि त्यांच्या दौऱ्याचं नाव रंगवलं, शेपटीवर त्या बँडचा जगप्रसिद्ध सांगाडा, एडी, झळकला. पोटात सुमारे बारा टन सामान होतं: गिटारी, ड्रम, अ‍ॅम्प, स्टेजचे रंगवलेले पडदे. आणि कॅप्टनच्या खुर्चीत बसलेला माणूस त्याच बँडचा गायक होता.

१ फेब्रुवारीला, शुक्रवारी, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला. १६ मार्चला टोरांटोत दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यातला शेवटचा. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम आणि साधारण ऐंशी हजार किलोमीटरचा प्रवास. बँड होता आयर्न मेडन. सॅम डन आणि स्कॉट मॅकफॅडियन हे कॅनडाचे दोन दिग्दर्शक आपल्या चमूसह याच विमानात बसले आणि त्यातून २००९ साली ‘आयर्न मेडन: फ्लाइट ६६६’ हा माहितीपट आला.

विमान उडवणारा गायक ही बातमीच अशी आहे की या चित्रपटाबद्दल बोलताना लोक तिथेच थांबतात. मला मात्र या चित्रपटात सगळ्यात मोलाचं वाटतं ते दुसरंच. विमान हे साधन होतं. त्या साधनामुळे जिथे जाणं शक्य झालं ती गावं आणि तिथे वर्षानुवर्षं वाट पाहत असलेली माणसं हा या चित्रपटाचा खरा विषय आहे. मुंबई, बोगोटा, कोस्टा रिकातलं सान होसे, ब्राझीलमधलं कुरिचिबा ही नावं मोठ्या रॉक बँडच्या वेळापत्रकात सहज येत नसत. ती का येत नसत आणि या खेपेला कशी आली, हे समजून घेऊन चित्रपट पाहिला तर विमानातला प्रत्येक खोका आणि मैदानातला प्रत्येक चेहरा वेगळा दिसू लागतो. ही प्रस्तावना त्यासाठी आहे.

ज्यांनी आयर्न मेडन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस या तरुणाने हा बँड काढला. हॅरिस पेशाने ड्राफ्ट्समन, फुटबॉलवेडा, वेस्ट हॅम क्लबचा कट्टर पाठीराखा. बँडमध्ये तो बेस गिटार वाजवतो आणि बहुतेक गाण्यांचा पाया त्याचाच असतो. बेस हे वाद्य सहसा मागे राहून ताल धरतं. हॅरिस ते पुढे आणतो, बोटांनी दौडत्या लयीत वाजवतो आणि त्यावर दोन गिटारी एकमेकींना धरून सुरावट गातात. १९८० साली पहिला अल्बम आला. १९८१ साली ब्रूस डिकिन्सन गायक म्हणून आला आणि १९८२ च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या अल्बमने बँड जगभर पोहोचला. निको मॅक्ब्रेन ड्रमवर आल्यानंतर १९८३ ते १९८८ या काळात चार अल्बम निघाले. मेडनचं नाव घेतल्यावर आजही ज्या गाण्यांची फर्माईश होते, त्यातली बरीचशी याच काळातली.

गाण्यांचे विषय पाहिले तर हेवी मेटलबद्दलचे बरेच गैरसमज गळून पडतात. क्रिमियाच्या युद्धातला घोडदळाचा हल्ला, इजिप्तच्या फॅरोची मरणाची भीती, फाशीच्या आदल्या रात्रीचा कैदी, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अत्याचार. कोलरिजच्या दीर्घ कवितेवर बेतलेलं एक गाणं तर तेरा मिनिटांहून लांब आहे आणि ते भर मैदानात, हजारो लोकांसमोर, मधल्या शांत तुकड्यासह पूर्ण वाजवलं जातं. प्रेमभंगाची गाणी या बँडकडे जवळजवळ नाहीतच. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात रमणारा, घरात थोडा एकटा पडलेला मुलगा या गाण्यांकडे का ओढला जातो हे यावरून कळावं. अशी मुलं मुंबईत होती, पुण्यात होती, बोगोटातही होती.

नव्वदच्या दशकात बँडला उतरती कळा लागली. गिटारवादक एड्रियन स्मिथ १९९० साली आणि डिकिन्सन १९९३ साली बाहेर पडला. १९९९ मध्ये दोघे परत आले. स्मिथच्या जागी आलेला यानिक गर्सही राहिला, डेव्ह मरे होताच. म्हणजे आता तीन गिटारी झाल्या. परतल्यानंतर त्यांनी नवे अल्बम काढले, ते चालले. २००८ चा दौरा मात्र मुद्दाम मागे वळून पाहणारा होता. १९८४-८५ साली ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमसाठी त्यांनी जवळजवळ अकरा महिने चाललेला दौरा केला होता. त्यातला इजिप्शियन मंदिराचा देखावा पुन्हा उभारला. एक ‘फिअर ऑफ द डार्क’ सोडलं तर सगळी गाणी ऐंशीच्या दशकातली. ज्यांचा जन्मच त्या दौऱ्यानंतर झाला, त्या पिढीला ती गाणी त्या थाटात दाखवायची, हा हेतू होता.

आता सामानाकडे येऊ. मोठ्या रॉक बँडचा दौरा कुठे जाईल हे लोकप्रियतेइतकंच वाहतुकीच्या खर्चावर ठरतं. युरोपात आणि अमेरिकेत ट्रक आहेत: रात्री कार्यक्रम संपला की सामान ट्रकमध्ये चढतं, माणसं बसमध्ये झोपतात आणि सकाळी पुढचं गाव. समुद्र आडवा आला की गणित बदलतं. सामान कंटेनरमधून जहाजाने पाठवायचं तर आठवडे जातात, मालवाहू विमानाने पाठवायचं तर पैसा पाण्यासारखा जातो. शिवाय बँड आणि कामगारांची पन्नास-साठ तिकिटं वेगळी. प्रत्येक देशात सीमाशुल्काचे कागद वेगळे. हा सगळा खर्च एकाच शहरातल्या एकाच कार्यक्रमातून भरून काढायचा म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. मग दौरे आखणारे लोक जिथे एकमेकांजवळ दहा-बारा शहरं मिळतात तिथेच जातात. मुंबईच्या अलीकडे-पलीकडे, ट्रकने पोहोचता येईल अशा अंतरावर, या संगीताचं तिकीट खपेल अशी शहरं किती होती? म्हणून मुंबई वगळली जात होती. ऐकणारे कमी होते म्हणून नव्हे.

डिकिन्सनची कल्पना अशी की बँड, कामगार आणि सामान एकाच विमानात घालायचं. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. नाटकाच्या दौऱ्यात बसच्या टपावर नेपथ्याचे फ्लॅट बांधलेले असतात, आत नट आणि बॅकस्टेजची मंडळी एकत्र बसलेली असतात आणि रात्रीचा प्रयोग संपवून बस पहाटे दुसऱ्या गावात शिरते. मेडनने ही बस हवेत नेली. स्टेजचा सांगाडा आणि ध्वनियंत्रणेचा मोठा भाग अशा दौऱ्यांत साधारणपणे त्या त्या गावीच भाड्याने घेतात. स्वतःची वाद्यं, त्यांची खास यंत्रं आणि देखावा बरोबर राहतो. त्यामुळे बारा टनांत भागलं. मग मुंबईहून पर्थ, ऑस्ट्रेलियातून जपान, जपानहून लॉस एंजेलिस, तिथून मेक्सिको, असा पृथ्वीभोवती सरळ पट्टा आखता आला. जिथे एकच कार्यक्रम होणार तिथेही उतरणं परवडू लागलं.

चित्रपटात सामान चढवण्या-उतरवण्याची दृश्यं येतात तेव्हा घाईने पुढे जाऊ नये. विमानाच्या दारातून एकेक खोका सरकत आत जातो, वजनाचा तोल सांभाळावा लागतो, धावपट्टीवरच्या उन्हात माणसं घामेघूम झालेली असतात. सरासरी दोन दिवसांना एक कार्यक्रम म्हणजे हे काम एक दिवसाआड. प्रेक्षकाला दिसतो तो दोन तासांचा उजेड आणि आवाज. त्याच्या अलीकडे-पलीकडे हे असतं. माझी या चित्रपटाबद्दलची एक तक्रार इथेच नोंदवतो. या कामगारांना आणखी वेळ द्यायला हवा होता. ते दिसतात, हसतात, दोन वाक्यं बोलतात आणि कॅमेरा पुन्हा बँडकडे वळतो.

ब्रूस डिकिन्सनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्याचं विमान चालवणं ही हौशी श्रीमंताची गंमत समजण्याचा धोका आहे. तो अ‍ॅस्ट्रेयस कंपनीचा नोकरदार वैमानिक होता. दौरे नसताना साध्या प्रवाशांना घेऊन उड्डाणं करायचा. २००६ साली लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा अडकलेल्या ब्रिटिश नागरिकांना परत आणणाऱ्या उड्डाणांत तो होता. या दौऱ्यानंतर काही महिन्यांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, एक ब्रिटिश पर्यटन-विमान कंपनी बुडाली, तेव्हा इजिप्तमध्ये खोळंबलेल्या पर्यटकांना आणायलाही तो गेला. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर आणि विश्रांतीवर कडक नियम असतात. गाणं गाऊन स्टेजवरून उतरायचं आणि थेट कॉकपिटमध्ये शिरायचं असं चालत नाही. म्हणून कार्यक्रमाच्या तारखा, उड्डाणाच्या वेळा आणि गायकाची झोप यांचं एकच वेळापत्रक बनवावं लागलं, आणि बरोबर कंपनीचे दुसरे वैमानिकही होते.

गळ्याचा प्रश्न वेगळाच. विमानातली हवा कोरडी असते. ज्याला दुसऱ्या दिवशी दोन तास उंच पट्टीत, धावत-उड्या मारत गायचंय, त्याने शक्य तितकं गप्प राहून पाणी पीत पडून राहावं असं कोणताही गायनगुरू सांगेल. हा माणूस त्या वेळी हेडफोन लावून नियंत्रण कक्षाशी बोलत असतो. कॉकपिटमधला त्याचा चेहरा नीट पाहा. स्टेजवरचा डिकिन्सन हातवारे करतो, डोळे वटारतो, मैदानाच्या शेवटच्या रांगेला आवाज देतो. कॉकपिटमध्ये तोच माणूस शांत आणि मोजका असतो, शाळेच्या मुख्याध्यापकासारखा सूचना देतो. दोन्ही खरे आहेत, आणि चित्रपटाने दोघांना शेजारी ठेवलंय ही मोठी कमाई आहे.

बाकीच्या पाच जणांचं चित्रण तुलनेने हलकं आहे. निको गोल्फ खेळतो आणि सगळ्यांना हसवतो, स्मिथ टेनिस खेळतो, हॅरिस फुटबॉल. मरे नेहमी हसतमुख. १२ मार्चला पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये कार्यक्रम होता आणि त्याच दिवशी हॅरिस बावन्न वर्षांचा झाला. सगळे पन्नाशीच्या आगेमागे. या वयात एक दिवसाआड दोन-दोन तास या गतीने वाजवायचं म्हणजे खेळाडूसारखंच शरीर सांभाळावं लागतं, आणि दारू-धिंगाण्याच्या ज्या कहाण्या रॉक बँडना चिकटलेल्या असतात त्यांना इथे जागाच नाही. १९७९ पासून बँडचा कारभार पाहणारा व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड पडद्यावर दिसतो तेव्हा हे कुटुंब कोणाच्या शिस्तीत चाललंय ते कळतं.

आता मुंबई. पाश्चात्त्य संगीतातली मोठी नावं मुंबईत आली ती तुटक-तुटक. १९८० साली ‘द पोलिस’ हा बँड धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेला. १९९६ मध्ये मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्नवर. पण यातलं कुणीच मेटल वाजवणारं नव्हतं. मेटलचा मुंबईतला संसार छोटा आणि चिवट होता. रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. कॉलेजातली पोरं तिथे परदेशी बँडची गाणी वाजवत, हळूहळू स्वतःचीही. पुढे शेजारची रुग्णालयं आणि कॉलेज यांच्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवनातला आवाज बंद झाला. कॅसेटवरून कॅसेट भरून घेणं हा त्या काळचा रिवाज. काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये एखादी मूळ कॅसेट कुणीतरी घ्यायचं आणि ती डोंबिवलीपासून पुण्यापर्यंत फिरायची. एडीचा चेहरा असलेले टी-शर्ट फॅशन स्ट्रीटवर टांगलेले असत, ते घालणाऱ्या कित्येकांनी बँड ऐकलेलाही नसे. ज्यांनी ऐकला होता त्यांना आपण कधी तो प्रत्यक्ष पाहू असं वाटत नव्हतं.

१७ मार्च २००७ ला मेडन पहिल्यांदा भारतात आलं, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मुंबई-पुण्याहून गाड्या भरून लोक गेले. त्यांचा प्रतिसाद बँडने पाहिला, आणि पुढच्या वर्षीचा जगदौरा सुरूच मुंबईतून झाला. लंडन, न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस असं पहिल्या रात्रीचं ठिकाण न निवडता विमान आधी मिठी नदीच्या काठावरच्या भराव टाकलेल्या जमिनीकडे आलं. कामाचा दिवस होता. कुर्ला आणि वांद्रे स्टेशनांवरून काळ्या टी-शर्टांचे लोंढे रिक्षांकडे वळत होते तेव्हा ऑफिसं सुटण्याची वेळ झालेली असणार. वांद्रे-कुर्ला संकुल म्हणजे बँकांच्या काचेच्या इमारती. त्यांच्यामध्ये हे इजिप्शियन मंदिर उभं राहिलं.

कार्यक्रम सुरू होतो तो विन्स्टन चर्चिलच्या आवाजाने. १९४० सालच्या भाषणाचा तुकडा लाउडस्पीकरवरून वाजतो आणि त्यापाठोपाठ ब्रिटनवरच्या हवाई लढाईतल्या वैमानिकावरचं ‘एसेस हाय’ सुरू होतं. १९८४ पासून मेडनची ही रीत आहे आणि इंग्लंडमध्ये तिच्यात कुणाला काही खटकायचं कारण नाही. पण मुंबईत? याच शहरात, गवालिया टँक मैदानावर, ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली आणि चर्चिलच्या सरकारने सगळ्या नेत्यांना तुरुंगात टाकलं. पुढच्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. तो आवाज ऐकून मैदानातली मुलं आनंदाने ओरडतात, कारण त्यांना ठाऊक असतं की आता गिटार येणार. मला यात विसरभोळेपणा दिसत नाही. त्या मुलांनी तो आवाज चर्चिलकडून काढून घेतलेला आहे. त्यांच्या लेखी ती गाण्याची नांदी आहे आणि तिच्यावर हक्क त्यांचा आहे. तरीही मराठी प्रेक्षकाने हे दृश्य पाहताना तो इतिहास मनात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. पुढे बोगोटात ‘रन टु द हिल्स’ वाजतं. वसाहतवाद्यांनी मूळ रहिवाशांची केलेली कत्तल हा त्याचा विषय, आणि ऐकणारे आहेत स्पॅनिश वसाहतीतून जन्मलेल्या देशातले लोक. ब्रिटिश बँडची गाणी पूर्वीच्या वसाहतींत गेल्यावर वेगळी ऐकू येतात. दिग्दर्शकांनी हे बोलून दाखवलेलं नाही, पण शहरांच्या निवडीतून ते ऐकू येतं.

लॅटिन अमेरिका हा या चित्रपटाचा सगळ्यात भरलेला भाग. तिथे या संगीताला धर्मसंस्थेचा विरोध होता. १९९२ साली चिलीत मेडनचा ठरलेला कार्यक्रम कॅथलिक चर्चच्या दबावामुळे रद्द झाला. चित्रपटाच्या नावातला ६६६ हा आकडा बायबलच्या शेवटच्या ग्रंथातून आलेला, सैतानाशी जोडलेला; १९८२ च्या अल्बममुळे अमेरिकेतही धार्मिक गटांनी बँडच्या रेकॉर्ड जाळल्या होत्या. २००८ मध्ये सान्तियागोचं मैदान गच्च भरतं. ब्राझीलमध्ये तर अंगभर मेडनचे टॅटू गोंदवलेला एक ख्रिस्ती धर्मोपदेशक भेटतो आणि आपला धर्म व आपलं संगीत यांत त्याला काडीचाही विरोध वाटत नाही. धर्मसंस्थेच्या त्या विरोधाला याहून चांगलं उत्तर कुठल्या वकिलाने दिलं नसतं.

बोगोटात लोक कितीतरी दिवस आधीपासून सिमोन बोलिव्हार उद्यानाबाहेर तंबू ठोकून बसले होते. यादवी, अपहरणं आणि बॉम्बस्फोट यांत दशकं घालवलेला देश. बाहेरचे बँड तिथे सहसा यायला तयार होत नसत. पावसाळी हवा, चिखल, पोलिसांचा गराडा, आणि त्यात ही मुलं गाणी म्हणत बसलेली. कार्यक्रम संपतो. दिवे लागतात. गर्दी पांगू लागते आणि कॅमेरा एका तरुणावर थांबतो. निकोने भिरकावलेली ड्रमची काठी त्याच्या हातात आलेली असते. तो ती दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि रडतो. डोळे पुसत नाही, कॅमेऱ्याकडे बघत नाही, काही बोलूही शकत नाही. आजूबाजूने माणसं जात राहतात. हे दृश्य काही सेकंदांचंच आहे, पण संगीतावरच्या चित्रपटांत मी पाहिलेल्या सर्वांत खऱ्या दृश्यांपैकी ते एक आहे. विमानाच्या मागच्या खुर्च्या का काढल्या, बारा टनांचं गणित का मांडलं, याचं उत्तर त्या मुलाच्या हातात आहे.

असं दृश्य टिपायला नजर लागते. सॅम डन मानववंशशास्त्र शिकलेला, ग्वाटेमालाच्या निर्वासितांवर त्याने अभ्यास केलेला. लहानपणापासून मेटल ऐकणारा. २००५ साली त्याने आणि मॅकफॅडियनने ‘मेटल: अ हेडबँगर्स जर्नी’ केला आणि या संगीताच्या चाहत्यांकडे एखाद्या समाजाकडे पाहावं तसं पाहिलं. ‘ग्लोबल मेटल’मध्ये ते जपान, ब्राझील, इंडोनेशिया, भारत असे फिरले. म्हणजे मेडनबरोबर विमानात बसण्याआधीच त्यांना ठाऊक होतं की कॅमेरा कधी स्टेजकडे पाठ करून उभा ठेवायचा.

रॉक बँडवरच्या चित्रपटांची एक मोठी परंपरा आहे आणि तिच्यात या चित्रपटाची जागा थोडी वेगळी पडते. १९८४ च्या रॉब रायनर दिग्दर्शित ‘धिस इज स्पायनल टॅप’ने दौऱ्यावरच्या मेटल बँडची इतकी यथेच्छ खिल्ली उडवली की नंतर प्रत्येक बँडला कॅमेऱ्यासमोर ती भीती वाटत राहिली. २००४ मध्ये ‘मेटालिका’वरच्या माहितीपटात बँड मानसोपचारतज्ज्ञापुढे बसून भांडताना दिसला. २००८ मध्ये ‘अ‍ॅनव्हिल’ या कॅनडाच्या अपयशी बँडवरचा चित्रपट आला. त्यांचा युरोप दौरा पाहताना काळीज तुटतं. ‘फ्लाइट ६६६’मध्ये भांडण नाही, अपयश नाही, खिल्ली तर नाहीच. आपलं काम चोख करणारी माणसं एवढीच त्याची कथा. नाट्य कमी आहे हा आक्षेप मला मान्य आहे. हॅरिस आणि डिकिन्सन यांच्यात एकेकाळी चांगलंच ताणलेलं होतं, त्याबद्दल एखादा प्रश्न विचारायला हवा होता. पैशाचा विषय निघत नाही. तेवीस कार्यक्रम दोन तासांत बसवताना काही शहरं झरकन निघून जातात, आणि पहिल्या रात्रीचं गाव असूनही मुंबईच्या वाट्याला जितका वेळ यायला हवा होता तितका आलेला नाही. बंगळुरूला आणि मुंबईला पोहोचण्यासाठी इथल्या मुलांनी केलेली धडपड कुणीतरी मराठीत लिहून ठेवली पाहिजे. ती चित्रपटात सापडणार नाही.

या त्रुटी मान्य करूनही या चित्रपटाचं मोल वर्षागणिक वाढत गेलंय. २०११ मध्ये बँड पुन्हा ७५७ घेऊन निघाला, २०१६ मध्ये तर जंबो ७४७ घेऊन. अ‍ॅस्ट्रेयस कंपनी २०११ मध्ये बंद पडली. २०२३ च्या जानेवारीत निकोला पक्षाघाताचा झटका आला, तरी तो दौऱ्यावर गेला; ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोत वाजवून त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला. म्हणजे हे सहा जण एकत्र, पूर्ण ताकदीने, जग पालथं घालतानाचा हा ऐवज आता पुन्हा घडणारा नाही.

माहितीपटाच्या जोडीला गाण्यांची वेगळी डिस्क आहे आणि तिची रचना सुरेख आहे. प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. मुंबईचं ‘एसेस हाय’, टोकियोचं ‘द ट्रूपर’, ब्वेनोस आयरेसचं ‘फिअर ऑफ द डार्क’, टोरांटोचं ‘हॅलोड बी दाय नेम’. कपडे तेच, देखावा तोच, बदलतं ते समोरचं मैदान. टोकियोतला प्रेक्षक आणि ब्वेनोस आयरेसमधला प्रेक्षक यांचं ऐकणं किती निराळं आहे ते लागोपाठ पाहावं. अर्जेंटिनात लोक गिटारची सुरावटसुद्धा शब्दांशिवाय एका सुरात गातात. निकोचे पाय दिसले तर तिकडे लक्ष द्या: तो अनवाणी वाजवतो, आणि दोन पेडलांचं वाटावं असं काम एकाच पायाने करतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे बघू नका. घरात जो सगळ्यात मोठा स्पीकर असेल तो जोडा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि मुंबईच्या गाण्यापासून सुरुवात करा.